आमवाताच्या पेशंटला कॅन्सरची गोळी का देतात? या गोळीमागं आहे भीमावरमचा एक डॉक्टर

आमची आत्या बुलढाणा जिल्ह्यात, मेहकर तालुक्यात राहते. घरची थोडी शेती, सोयाबीन आणि तूर. काही वर्षांपूर्वी सकाळी उठल्यावर तिची बोटं वळेनाशी झाली. परातीसमोर बसली की भाकरी थापायच्या आधी तासभर नुसती हात चोळत राहायची. घरच्यांनी आधी वात समजून तेल लावलं, मग लेप, मग कुणीतरी सांगितलेला काढा. मनगटं सुजून लाल झाली तेव्हा तिला एसटीनं छत्रपती संभाजीनगरला नेलं. तिथं निदान झालं, आमवात.

डॉक्टरांनी तिला दोन गोळ्या लिहून दिल्या. एक बारीक पिवळी, आठवड्यातून फक्त एका दिवशी घ्यायची. दुसरी फॉलिक ॲसिडची, ती वेगळ्या दिवशी. दोन-तीन महिन्यांत आत्याची बोटं वळायला लागली. आणि नेमकं तेव्हाच नात्यातल्या एका पोरानं पाकिटावरचं नाव मोबाईलवर शोधलं. मेथोट्रेक्सेट, कॅन्सरवरचं औषध. झालं! आपल्याला कॅन्सर आहे आणि घरचे लपवतायत, असं आत्यानं मनाशी पक्कं केलं आणि पिवळी गोळी बंद केली. काही आठवड्यांत मनगटं पुन्हा सुजली.

मग मला फोन आला. आमच्या घरात पत्रकार म्हणजे सगळ्याची माहिती असणारा माणूस, असा समज आहे. मी शोधायला बसले आणि जे सापडलं ते फोनवर सांगण्यापेक्षा मोठं निघालं. आत्याच्या डब्यातल्या त्या दोन्ही गोळ्या एकाच माणसाच्या प्रयोगशाळेतून आलेल्या आहेत. तो माणूस भारतीय होता, त्याला जाऊन पंचाहत्तर वर्षांहून जास्त काळ झाला. त्याचं नाव डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव.

आजच्या आंध्र प्रदेशात पश्चिम गोदावरी जिल्ह्यात भीमावरम नावाचं गाव आहे. १२ जानेवारी १८९५ ला सुब्बाराव तिथं जन्मले. सात भावंडं, वडिलांची महसूल खात्यातली लहानशी नोकरी, तीही आजारपणामुळं लवकर सुटलेली. पोराचं अभ्यासात मन नव्हतं. तेराएक वर्षांचा असताना काशीला जाऊन यात्रेकरूंना केळी विकायची आणि श्रीमंत व्हायचं, असा बेत करून तो घरातून पळाला. घरच्यांनी त्याला परत आणलं. आईनं दागिने विकून त्याच्या शिक्षणाची सोय केली. तरी मॅट्रिक पास व्हायला तीन वेळा बसावं लागलं.

पुढं मद्रासला शिकताना त्यांना रामकृष्ण मिशनचा ओढा लागला. संन्यास घ्यायचा विचार होता, पण आईनं परवानगी दिली नाही. मग डॉक्टर होऊन सेवा करायची, असं ठरवून त्यांनी मद्रास मेडिकल कॉलेजात प्रवेश घेतला. फीचा प्रश्न होताच. काकीनाड्याच्या एका धर्मादाय संस्थेनं आणि सासऱ्यांनी हातभार लावला. १९१९ मध्ये शेषगिरी यांच्याशी त्यांचं लग्न झालं होतं.

हे सगळं असहकाराच्या काळातलं. गांधीजींनी विदेशी कापड सोडायला सांगितल्यावर सुब्बारावांनी ऑपरेशन थिएटरमध्ये खादीचा गाऊन घालायला सुरुवात केली. शस्त्रक्रिया शिकवणारे ब्रॅडफील्ड नावाचे इंग्रज प्राध्यापक यावर नाराज झाले. लेखी पेपर चांगले जाऊनही सुब्बारावांना पूर्ण एमबीबीएस पदवी मिळाली नाही. हाती आलं ते खालच्या दर्जाचं एलएमएस प्रमाणपत्र. सरकारी वैद्यकीय नोकरीचा प्रयत्न फसला, तेव्हा ते मद्रासच्या आयुर्वेद महाविद्यालयात शरीररचना शिकवू लागले.

याच वर्षांत घरात एक मोठं संकट येऊन गेलं होतं. स्प्रू नावाचा आतड्यांचा एक आजार आहे, आपल्याकडच्या संग्रहणीसारखा. खाल्लेलं अंगी लागत नाही, जुलाब थांबत नाहीत, रक्त कमी होत जातं. या आजारानं सुब्बारावांचे दोन भाऊ काही दिवसांच्या अंतरानं गेले. मग त्यांना स्वतःलाही तो झाला. डॉ. अचंट लक्ष्मीपती यांच्या आयुर्वेदिक उपचारांनी ते वाचले, पण भाऊ गेले ते गेलेच. हा आजार लक्षात ठेवा, तो पुढं परत येणार आहे.

उष्ण प्रदेशातल्या आजारांचा अभ्यास करायला ते अमेरिकेला निघाले आणि ऑक्टोबर १९२३ मध्ये बोस्टनला उतरले. हार्वर्डमध्ये प्रवेश होता, पण खिशात पैसे नव्हते आणि भारतातली डिग्री तिथं डॉक्टरकीला चालत नव्हती. मग रात्री हॉस्पिटलमध्ये पोर्टरची नोकरी. पेशंटची भांडी धुवायची, लघवीची पात्रं साफ करायची आणि दिवसा वर्गात बसायचं. हे हॉस्पिटल होतं बोस्टनचं पीटर बेंट ब्रिगहॅम. हेही नाव लक्षात ठेवा.

ते अमेरिकेत असतानाच इकडं त्यांचं नऊ महिन्यांचं बाळ एका संसर्गानं दगावलं. शिक्षण संपल्यावर परत यायचं असं ठरलं होतं. ते कधीच परत आले नाहीत.

डिप्लोमा झाल्यावर ते सायरस फिस्क यांच्या जीवरसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत काम करू लागले. रक्तात, लघवीत फॉस्फरस किती आहे हे मोजायची सोपी पद्धत या दोघांनी १९२५ मध्ये दिली. तुमच्यापैकी कुणी बायोकेमिस्ट्री शिकलं असेल तर फिस्क-सुब्बाराव पद्धत हे नाव प्रॅक्टिकलच्या वहीत लिहिलं असेल. मी बारावीनंतर सायन्स सोडलं, त्यामुळं मला हे नाव आत्ताच कळलं.

फॉस्फरस मोजता मोजता ते स्नायूंकडं वळले. स्नायू आकुंचन पावतो तेव्हा त्याला ताकद कुठून मिळते, हा त्या काळचा मोठा प्रश्न होता. त्याच्या संशोधनासाठी १९२२ चं नोबेलसुद्धा दिलं गेलं होतं आणि लॅक्टिक ॲसिडभोवती फिरणारा सिद्धांत सगळ्यांनी मान्य केला होता. फिस्क आणि सुब्बारावांना १९२७ मध्ये स्नायूत फॉस्फोक्रिएटिन सापडलं, १९२९ मध्ये एटीपी. जर्मनीत कार्ल लोहमान यांनाही त्याच वर्षी स्वतंत्रपणे एटीपी सापडलं होतं. पेशीच्या प्रत्येक कामाचा खर्च या एटीपीतून भागतो, हे आज शाळेच्या पुस्तकात असतं. लॅक्टिक ॲसिडचा सिद्धांत मागं पडला.

एवढं करून १९३० मध्ये पीएचडी मिळाली, पण हार्वर्डनं त्यांना कायम केलं नाही. स्वतःचं काम पुढं ढकलणं, त्याचा गाजावाजा करणं त्यांना जमलंच नाही. याच प्रयोगशाळेत काम केलेले जॉर्ज हिचिंग्ज पुढं नोबेल विजेते झाले. सुब्बारावांनी वेगळे केलेले काही पदार्थ इतरांना बऱ्याच वर्षांनी नव्यानं शोधावे लागले, कारण फिस्क यांनी बहुधा असूयेपोटी ते काम बाहेर येऊ दिलं नाही, असं या हिचिंग्ज यांनीच नोंदवून ठेवलंय. त्यात किती तथ्य ते आता तपासता येणार नाही. पण सतरा वर्षांनंतर, १९४० मध्ये, सुब्बाराव हार्वर्ड सोडून न्यूयॉर्क राज्यातल्या पर्ल रिव्हर गावी लेडर्ले नावाच्या औषध कंपनीत गेले. दोन वर्षांत ते तिथल्या संशोधनाचे प्रमुख झाले.

इथून गोष्ट आत्याच्या डब्याकडं वळते. पण त्याआधी थोडं मुंबईत जाऊन यावं लागेल.

१९२८ मध्ये ल्यूसी विल्स नावाची इंग्रज डॉक्टर मुंबईत आली. गिरण्यांत काम करणाऱ्या गरीब बायका गरोदरपणात रक्त कमी होऊन मरत होत्या. विल्सबाईंनी परळच्या हाफकिन संस्थेतून याचा शोध घेतला, बायकांच्या घरी काय शिजतं हे पाहिलं, उंदीर आणि माकडांवर प्रयोग केले. शेवटी मार्माइट हा यीस्टपासून केलेला स्वस्तातला पदार्थ खायला दिला की या बायकांचं रक्त भरून येतं, हे त्यांनी दाखवलं. १९३१ मध्ये त्यांचा निबंध छापून आला. यीस्टमध्ये नेमकं काय आहे हे कुणाला माहीत नव्हतं, म्हणून त्या अज्ञात घटकाला विल्स फॅक्टर म्हणू लागले. पुढं १९४१ मध्ये अमेरिकेत चार टन पालकातून एक पदार्थ वेगळा केला गेला आणि पानाला लॅटिनमध्ये फोलियम म्हणतात म्हणून त्याला फॉलिक ॲसिड नाव मिळालं. विल्सबाईंचा अज्ञात घटक तो हाच.

अडचण अशी की चार टन पालक कुटून कुणाला औषध देता येत नाही. हा पदार्थ कारखान्यात बनवता आला पाहिजे. ते काम सुब्बारावांच्या हाताखालच्या टीमनं १९४५ मध्ये केलं. त्या शोधनिबंधावर सोळा नावं आहेत, त्यात मधेच कुठंतरी सुब्बाराव. आज आशाताई गरोदर बाईला जी लाल गोळी देतात, त्यात लोहाबरोबर हेच फॉलिक ॲसिड असतं. आणि फॉलिक ॲसिड हाती आल्यावर डॉक्टरांनी ते ज्या आजारांवर वापरून पाहिलं त्यात स्प्रू होता. पेशंट बरे होऊ लागले. दोन भावांना नेणाऱ्या आजारावर औषध सापडलं होतं, पंचवीसेक वर्षं उशिरा.

मग पिवळी गोळी कुठून आली?

बोस्टनच्या मुलांच्या हॉस्पिटलात सिडनी फार्बर नावाचे डॉक्टर होते. ब्लड कॅन्सर झालेली मुलं त्यांच्यासमोर आठवड्यांत संपून जात, उपाय काहीच नव्हता. फॉलिक ॲसिडनं रक्त वाढतं तर या मुलांनाही गुण येईल, असं वाटून त्यांनी त्यासारखी संयुगं देऊन पाहिली. झालं उलटच, कॅन्सर आणखी जोरात वाढतोय असं दिसलं. मग फार्बर यांनी उलटा विचार केला. फॉलिक ॲसिडनं या पेशी वाढत असतील, तर ते तोडायला हवं. तोडणारा पदार्थ बनवून देऊ शकेल असा माणूस एकच होता.

सोयाबीनच्या बोगस बियाण्याचा फटका बुलढाण्यातल्या कुठल्याही शेतकऱ्याला विचारा. पिशवी तशीच, दाणा तसाच, पेरायला पैसाही तेवढाच. फक्त उगवत काही नाही, आणि तोवर वापसा निघून गेलेला असतो. लेडर्लेच्या रसायनतज्ज्ञांनी, सीगर, स्मिथ, हल्टक्विस्ट आणि इतरांनी, नेमकं असं बोगस फॉलिक ॲसिड बनवलं. रचनेत थोडा बदल. पेशीतलं एन्झाइम खरं समजून ते पकडतं आणि अडकून पडतं. नव्या पेशीसाठी डीएनए बनवायचं काम थांबतं. जी पेशी सगळ्यात वेगानं वाढते, तिला फटका सगळ्यात आधी बसतो.

पहिल्या पदार्थाचं नाव अमिनोप्टेरिन. डिसेंबर १९४७ च्या शेवटी फार्बर यांनी तो एका लहान मुलाला दिला. जून १९४८ मध्ये त्यांनी सोळा मुलांचा अहवाल छापला, त्यातल्या दहा जणांत सुधारणा दिसली होती. ती तात्पुरती होती, पण ब्लड कॅन्सर औषधानं मागं हटू शकतो हे जगानं पहिल्यांदा पाहिलं. याच घराण्यातलं पुढचं, वापरायला थोडं सोपं संयुग म्हणजे मेथोट्रेक्सेट.

अहवाल आला त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सुब्बाराव झोपेतच हृदयविकारानं गेले. वय ५३. शेवटपर्यंत ते अमेरिकेचे नागरिक झाले नव्हते. त्या आठ वर्षांत लेडर्लेमधून हत्तीरोगावरचं डायइथाइलकार्बामाझिन आलं होतं. पूर्व विदर्भातल्या जिल्ह्यांत आरोग्य कर्मचारी घरोघरी येऊन समोर गिळायला लावतात त्या गोळ्यांत ते असतं. बेंजामिन डगर यांनी मातीतल्या बुरशीसारख्या जंतूतून शोधलेलं ऑरिओमायसिन, म्हणजे टेट्रासायक्लिन गटातलं पहिलं अँटिबायोटिक, तेही सुब्बाराव प्रमुख असतानाचं.

आता सांध्यांकडं येऊ. आमवातात नेमकं काय होतं? वय झालं, हाडं झिजली, हवा लागली, यातलं काहीच नाही. आपल्या रक्तातल्या पांढऱ्या पेशींचं काम बाहेरून आलेले जंतू मारणं. आमवातात त्या आपल्याच सांध्यांच्या आतल्या अस्तराला शत्रू समजून तिथं गोळा होतात. अस्तर सुजतं, जाड होतं आणि उपचार नाही झाले तर पुढं हाड पोखरतं. ल्यूपससारख्या आजारांत हाच घोटाळा किडनी, त्वचा, रक्त यांच्याबाबत होतो. म्हणजे दुखणं सांध्यात असलं तरी बिघाड पांढऱ्या पेशींत आहे. ब्लड कॅन्सर हाही पांढऱ्या पेशींचाच आजार. एकात त्या बेसुमार वाढतात, दुसऱ्यात चुकीच्या माणसावर धावून जातात. म्हणून एका आजारावरचं औषध दुसऱ्याकडं आलं. आत्याला कॅन्सर नाही, कधी नव्हता.

हा प्रवास मात्र सरळ झाला नाही. १९५१ मध्ये न्यूयॉर्कचे डॉ. रिचर्ड गबनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आमवात आणि सोरायसिसच्या थोड्या पेशंटना अमिनोप्टेरिन दिलं. सांध्यांची सूज उतरली, त्वचेचे चट्टेही गेले. तरी आमवाताच्या डॉक्टरांनी तिकडं पाठ फिरवली, कारण तेव्हा सगळं जग कॉर्टिसोनच्या मागं होतं. सुब्बाराव गेल्यावर जेमतेम दीड महिन्यानं, सप्टेंबर १९४८ मध्ये, फिलिप हेंच यांनी अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये आमवाताच्या एका बाईला कॉर्टिसोनचं इंजेक्शन दिलं होतं. अंथरुणाला खिळलेली बाई काही दिवसांत चालू लागली. १९५० मध्ये त्याला नोबेलही मिळालं. स्टेरॉइडचे दुष्परिणाम समोर यायला पुढं काही वर्षं लागली. हाडं ठिसूळ होतात, साखर वाढते, चेहरा सुजतो. गावोगावी वातावर म्हणून पुड्या बांधून दिल्या जातात, त्यातल्या काहींत गुपचूप स्टेरॉइड मिसळलेलं आढळतं. दोन दिवसांत आराम पडतो तो त्यामुळं.

मेथोट्रेक्सेट तोवर त्वचारोगतज्ज्ञांनी सोरायसिससाठी सांभाळून ठेवलं. १९७० च्या दशकात रेक्स हॉफमिस्टर यांच्यासारख्या एखाद-दुसऱ्या डॉक्टरनं ते आमवाताला पुन्हा वापरून पाहिलं आणि १९८५ मध्ये मायकल वाइनब्लाट यांच्या गटानं नीट चाचणी करून दाखवलं की आठवड्यातून एकदा दिलेला छोटा डोस खोट्या गोळीपेक्षा खरंच जास्त गुण देतो. ही चाचणी बोस्टनच्या ब्रिगहॅम अँड विमेन्स हॉस्पिटलमधल्या डॉक्टरांची. काही जुनी हॉस्पिटलं एकत्र करून ते १९८० मध्ये उभं राहिलं, त्यातलं एक पीटर बेंट ब्रिगहॅम. हो, तेच. जिथं सुब्बाराव रात्री पेशंटची भांडी धुवायचे. ही जोडी मला जुळलेली दिसली तेव्हा रात्रीचे दीड वाजले होते आणि ती सांगायला घरात कुणी जागं नव्हतं.

१९८८ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकानं आमवातासाठी मेथोट्रेक्सेट मंजूर केलं. त्याच वर्षी हिचिंग्ज यांना गर्ट्रूड एलियन आणि जेम्स ब्लॅक यांच्यासोबत नोबेल मिळालं. हिचिंग्ज आणि एलियन यांच्या औषधांपैकी ॲझाथायोप्रिन आज ल्यूपसच्या पेशंटना दिलं जातं. फिस्क यांच्या एका प्रयोगशाळेतून बाहेर पडलेल्या दोन माणसांनी पांढऱ्या पेशींना आवर घालणारी दोन औषधं दिली.

आता तुम्ही विचाराल, आणि आत्यानंही विचारलं: एक गोळी फॉलिक ॲसिड तोडते तर दुसरी फॉलिक ॲसिडचीच कशाला? मग पहिलीचा उपयोग काय?

इथं डोसचा हिशोब येतो. कॅन्सरमध्ये मेथोट्रेक्सेट कितीतरी मोठ्या प्रमाणात देतात, पेशी मारायलाच. आमवातात डोस आठवड्याला साधारण साडेसात ते पंचवीस मिलिग्रॅम. एवढ्यानं पांढऱ्या पेशी मरत नाहीत, शांत होतात. कशा, तर या छोट्या डोसमुळं पेशीतला आणखी एक टप्पा अडतो आणि पेशीबाहेर अडेनोसिन नावाचा पदार्थ वाढतो. अडेनोसिन पांढऱ्या पेशींना थंड करतं. हे एकच कारण आहे असं नाही, पण संशोधकांनी सर्वात जास्त भर यावर दिलाय. आणि एटीपीतलं पहिलं अक्षर याच अडेनोसिनचं. स्नायूंच्या कामात सुब्बारावांनी शोधलेला पदार्थ आणि कॅन्सरच्या कामात त्यांच्या टीमनं बनवलेलं औषध, दोन्ही आमवाताच्या सांध्यात येऊन भेटतात. ते स्वतः हे बघायला नव्हते. या गोळीचा उपयोग बराचसा अडेनोसिनच्या वाटेनं होतो, म्हणून वरून फॉलिक ॲसिड दिलं तरी तो कमी होत नाही. उलट तोंड येणं, मळमळ, लिव्हरवरचा ताण हे त्रास कमी होतात.

जपायचं काय, तेही इथंच सांगते. ही गोळी आठवड्यातून एकदाच. चुकून रोज घेतल्यामुळं पेशंटच्या रक्तपेशी धोकादायक पातळीवर घसरल्याच्या, जीव गेल्याच्याही घटना जगभर नोंदल्या गेल्यात. त्यामुळं वार ठरवून तो कॅलेंडरवर लिहून ठेवायचा. गरोदरपणात आणि मूल होण्याचा विचार असताना ही गोळी चालत नाही. दारू टाळायची. रक्ताची आणि लिव्हरची तपासणी डॉक्टर सांगतील त्या अंतरानं करायची, बरं वाटत असलं तरी. आणि बंद करायची असेल तर डॉक्टरला विचारून, मोबाईलला नाही.

ब्लड कॅन्सरकडून सांध्यांकडं येणारी ही वाट नंतर बऱ्याच औषधांनी धरली. मेथोट्रेक्सेटचा नेम ढोबळ, ते सगळ्याच वाढत्या पेशींना थोडंफार लागतं. रितुक्सिमॅब हे औषध फक्त बी-पेशी या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशींना पकडतं. १९९७ मध्ये ते लसिकाग्रंथींच्या कॅन्सरसाठी मंजूर झालं, आणि लंडनचे जोनाथन एडवर्ड्स यांच्या प्रयोगांनंतर २००६ मध्ये आमवातासाठी. २०२१ मध्ये जर्मनीतल्या एरलांगेनला गिऑर्ग शेट यांच्या गटानं ल्यूपसच्या एका तरुणीच्याच टी-पेशी काढून, त्यांना बी-पेशी ओळखायला शिकवून परत तिच्या शरीरात सोडल्या. पुढच्या वर्षी अशा पाच पेशंटचा अहवाल आला, पाचही जणांचा आजार औषधांशिवाय शांत झाला होता. या पद्धतीला कार-टी म्हणतात, आणि तीही आधी ब्लड कॅन्सरसाठीच बनली. आपल्याकडं आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलच्या कामातून तयार झालेली नेक्सकार-१९ ही कार-टी ऑक्टोबर २०२३ मध्ये मंजूर झाली, तूर्त काही रक्ताच्या कॅन्सरसाठी. बी-पेशीवरच्या ज्या खुणेवर ती नेम धरते, तीच खूण एरलांगेनच्या डॉक्टरांनी ल्यूपससाठी वापरली होती. पण हे उपचार फार महाग, मोठ्या हॉस्पिटलातच होणारे. आमवाताची सुरुवात अजूनही बहुतेक ठिकाणी त्या स्वस्त पिवळ्या गोळीनंच होते.

सुब्बारावांच्या नावाचं काय झालं? १९५३ मध्ये एका बुरशीला सुब्बारोमायसिस हे नाव दिलं गेलं. १९९५ मध्ये, जन्मशताब्दीला, भारताच्या टपाल खात्यानं त्यांचं तिकीट काढलं.

मी दिवाळीत मेहकरला गेले तेव्हा आत्याला हे सगळं सांगितलं, एटीपी वगैरे गाळून. बोगस बियाण्याचं तिला लगेच कळलं. कॅन्सरचा विषय तिनं परत काढला नाही. रविवारच्या गोळीसाठी कालनिर्णयवर तिनं आधीच खुणा करून ठेवल्या होत्या. तिनं एवढंच विचारलं की त्या शेषगिरीबाईंचं पुढं काय झालं, पोरगं गेल्यावर त्या एकट्याच राहिल्या का. मी सांगितलं की नवरा १९२३ मध्ये बोटीत बसला आणि १९४८ मध्ये तिकडंच वारला, पंचवीस वर्षांत दोघांची परत भेट झाली नाही. आत्या काही बोलली नाही. मग तिनं तुरीच्या शेंगा सोलायला घेतल्या, दोन्ही हातांनी.